पंक्चरच्या घमेल्याची एकुलती एक सहल

मित्रांनो, मी एका कडेला चेपलेले, तीन ठिकाणी डाक देऊन सांधलेले जुने घमेले आहे. आपली कहाणी सांगण्याचा मान सहसा वडाच्या झाडाला, जुन्या पुस्तकाला किंवा निदान शाळेच्या घंटेला मिळतो. घमेल्याला कोणी बोलावत नाही. म्हणून बोलावण्याची वाट न पाहता मीच सुरुवात करतो. बोलावण्याची वाट पाहण्याने काय होते, ते पुढे येईलच.

माझा जन्म कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पहिली दोन वर्षे मी एका इमारतीवर वाळू वाहिली. तिथे आम्ही वीस घमेली होतो आणि दिवसभर या हातातून त्या हातात फिरत होतो. भार पुष्कळ होता, पण कोणाच्या ना कोणाच्या हातात असायचो. इमारत पुरी झाली, पेढे वाटले गेले, आणि मी मागच्या अंगणात पालथा राहून गेलो. एकोणीसशे त्रेसष्ट साली बाबालाल सायकलवाल्याने मला तिथून उचलले.

बाबालालचे दुकान रंकाळा वेशीजवळ होते. दुकान म्हणजे एक टपरी, तासाच्या भाड्याच्या सहा सायकली, एक बाकडे आणि मी. माझे काम सोपे होते. हवा भरलेली ट्यूब माझ्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचे. दिवसाला वीस-पंचवीस माणसे माझ्यात टक लावून बघत. पण ती बुडबुड्यासाठी. बुडबुडा सापडला की सगळ्या माना वर. पाण्याकडे पाणी म्हणून बघणारा इतक्या वर्षांत एकच जण भेटला, आणि तो कुत्रा होता.

बाबालालच्या अंगी एक विद्या होती. टायरमधून काढलेला काटा तो चिमटीत धरून उजेडात बघायचा आणि सांगायचा, "पावणं, उचगावच्या मागच्या पाणंदीनं आलासा व्हय?" माणूस थक्क व्हायचा. बाभळीचा काटा कुठल्या माळाचा, सराटा कुठल्या नदीकाठचा, बोरीचा काटा कुठल्या बांधावरचा, हे त्याला कळायचे. तो स्वतः मात्र फारसा कुठे जात नसे. सगळा जिल्हा त्याच्याकडे चालून येत होता, टोचून का होईना.

दुपारी गिऱ्हाईक नसले की बाबालाल माझ्याशी बोलायचा. खरे तर तो पाण्याशी बोलायचा, पण पाणी माझ्यात होते. त्यातूनच मला त्याच्या अक्काची गोष्ट कळली. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, फातिमा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. तिचे घर आजऱ्याच्या अलीकडे, काजूच्या बागांपाशी. अडुसष्ट साली तिच्या मुलीचे, मेहमुदाचे लग्न ठरले आणि सख्ख्या मामाला पत्रिका आली ती पोस्टाने.

आमच्याकडे पत्रिका घरी येऊन, हातात देऊन, चहा घेऊन द्यायची असते. बाबालाल लग्नाला गेला नाही. नंतर कळले की तेव्हा अक्काचे यजमान अमीनभाई तीन महिने अंथरुणाला खिळले होते, आणि पत्रिका घेऊन फिरायला घरात दुसरे कोणी नव्हते. कळले तोवर लग्नाला वर्ष होऊन गेले होते. चूक आपली आहे हे कळलेला माणूस, चूक दुसऱ्याची आहे असे समजणाऱ्या माणसापेक्षा जास्त अवघडतो. आजऱ्याला एसटी रोज जात होती. पण एसटीतून उतरणारा माणूस मुद्दाम आलेला असतो. बाबालालला मुद्दाम जायचे नव्हते. त्याला वाटेत लागले म्हणून जायचे होते. आणि आजरा कुठल्याच वाटेत नव्हता.

अशी सहा वर्षे गेली.

दर उन्हाळ्यात तीन गृहस्थ बाबालालच्या सायकली घेऊन दोन-तीन दिवसांच्या सहलीला निघत. जोतीराम मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवत. डांबराला चाक लागता कामा नये, पाणंदी, बांध, माळ आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या यांवरूनच जायचे, हा त्यांचा नियम. कृष्णात एका कचेरीत कारकून होता. त्याला चढ चालत नसे. उतार जाताना आणि येताना, दोन्ही वेळा हवा असे. बाळासो भुसारी मालाचा व्यापारी. वाटेत कोणाचे पाहुणे राहतात आणि ते जेवायला काय करतात, एवढाच त्याचा भूगोल. वाट ठरवायला या तिघांना तीन आठवडे लागत आणि सगळ्या बैठका माझ्याभोवती होत.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मास्तरांनी बाकड्यावर नकाशा पसरला. तो त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होता.

"वारणानगर," बाळासो म्हणाला. "माझी मेव्हणी हाय तिथं. दूध तर काय, म्हणशील तेवढं."

"मेव्हणी कुणी विचारलीय? वाट विचारलीय."

"वाट मेव्हणीकडंच जाती की मास्तर."

"मधी चढ हाय," कृष्णात म्हणाला.

"तुझ्या कचेरीच्या पायरीला पण चढ हाय. ती चढतोस न्हवं?"

"त्याचा पगार मिळतोय."

शेवटी मास्तरांनी नेहमीप्रमाणे बाबालालकडे बघितले. चढ, डांबर, मेव्हणी काहीही असो, शेवटचा शब्द काट्याचा असे. "बाबालाल, कुठल्या वाटंला काटा कमी?"

मी बाबालालच्या पायाशीच होतो. त्या सकाळी आजऱ्याकडून माळावरून आलेल्या एका सायकलीतून त्याने तीन काटे काढले होते. बाभळीचे, बोटाएवढे. ते समोर फळीवर पडले होते. बाबालालने ते हळूच मुठीत घेतले, हात माझ्या पाण्यात घातला आणि मूठ उघडली. काटे तळाला बसले.

"आजऱ्याकडं," तो म्हणाला. "गारगोटीवरनं, उत्तूरच्या माळानं. काटाच न्हाय तिकडं."

बाबालाल काट्याबाबत खोटे बोलेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. वाट ठरली आणि या खेपेला बाबालालही बरोबर यायला तयार झाला. निघताना त्याने मला आपल्या कॅरिअरला सुतळीने बांधले. काटाच नसलेल्या वाटेवर हा माणूस पंक्चरचे घमेले कशाला नेतो, हे कोणी विचारले नाही. भूगोलाच्या मास्तरांनीही नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती एकुलती एक सहल. रंकाळ्याचे पाणी मी पहिल्यांदा बघितले आणि माझ्यात असते ते किती थोडे आहे, ते कळले. पहिल्या दिवशी गारगोटीपर्यंत चार पंक्चर झाली. दुसऱ्या दिवशी उत्तूरच्या माळावर सात. प्रत्येक वेळी बाबालाल मान खाली घालून ट्यूब काढायचा आणि बाळासो काटा हातात घेऊन म्हणायचा, "बघा मास्तर, काटाच न्हाय."

बाराव्या पंक्चरला सूर्य डोक्यावर आला होता. प्यायचे पाणी संपले होते आणि मीही कोरडा होतो.

"त्या काजूच्या पल्याड एक घर हाय," बाबालाल म्हणाला.

"तुला कसं ठावं?" मास्तरांनी विचारले.

"आसंल, म्हणलं."

तो स्वतः उठला नाही. बाळासोने मला उन्हासाठी टोपीसारखे डोक्यावर पालथे घातले आणि निघाला. त्यामुळे त्या घरी मी पहिल्यांदा बाळासोबरोबर गेलो.

ओट्यावर एक बाई काजू फोडत बसली होती. काजूच्या चिकाने तिची बोटे काळी पडली होती. "पावणं, कुठनं आलासा?" तिने विचारले.

"कोल्हापूरनं, सायकलीवर. पंक्चर झाल्या. पाणी पायजे हुतं." बाळासोला एवढ्यावर थांबता येत नसे. "आमचा बाबालाल सायकलवाला हाय संगट. त्यानंच वाट काढली ही. काटा न्हाय म्हणला. बारा लागलं."

बाईचा हात थांबला. "काटा न्हाय म्हणला?"

"व्हय की. काट्यावरनं गाव सांगणारा माणूस."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. बुडबुडा नसताना कोणी माझ्याकडे बघण्याची ती पहिलीच वेळ. "किती जण हायसा?"

"चौघं."

"त्याला सांगा, ज्याचं घमेलं हाय त्यानं यायाचं आन पाणी न्यायाचं."

तिने तांदळाचा डबा पुढे ओढला आणि बाळासो रिकामाच परतला. "बाई चमत्कारिक हाय. म्हणती, ज्याचं घमेलं त्यानं यावं."

बाबालाल बराच वेळ हातातला पाना फिरवत बसला. मग त्याने मला उचलले. जाताना त्याने मला दोनदा या हातातून त्या हातात घेतले. मी रिकामा होतो, जड नव्हतो.

या वेळी ओट्यावर काजू नव्हते. चूल अंगणातच होती आणि तिच्यावर मोठे पातेले चढले होते. बाबालालने मला जमिनीवर ठेवले आणि तो माझ्या तळाकडे बघत उभा राहिला. पातेले मला दिसले. त्याला दिसले नाही.

"हिकडनं चाललो हुतो, अक्का," तो म्हणाला. "पंक्चर झाली."

"व्हय, कळलं." तिने चुलीत लाकूड सरकवले. "मेहमुदा आलीया म्हायेरला. आत पोराला निजवतीया."

"बरं हाय."

"कुठं निघालायस?"

मित्रांनो, याच प्रश्नासाठी तो सहा वर्षे अडला होता. "तुझ्याकडंच आलोय" एवढेच म्हणायचे होते. दोन शब्द. बारा पंक्चर, तीन काटे आणि एक अख्खे खोटे त्याने त्या दोन शब्दांसाठी खर्च केले होते.

"आंबोलीला," बाबालाल म्हणाला.

अक्काने एकदा पातेल्याकडे बघितले. "मग उशीर नगं करू. लांब हाय."

तिने कळशी आणून माझ्यात ओतली. मी काठोकाठ भरलो. तिने त्याला थांब म्हटले नाही. वाटेत लागले म्हणून आलेल्या माणसाला वाटेला लावतात, त्यात तिचा दोष नव्हता. बाबालालने मला उचलले तेव्हा पाणी डचमळून त्याच्या पायांवर सांडले. पत्र्याला आवाज असतो, पण तो कोणीतरी वाजवावा लागतो.

पंक्चर काढून झाल्यावर बाबालाल म्हणाला, "आंबोलीला जायाचं."

"आंबोली कशाला? सोमवारी कचेरी हाय माझी," कृष्णात म्हणाला.

"म्हणालोय, तर जायाला पायजे."

कोणाला म्हणाला, ते कोणाला कळले नाही. पण त्याचा चेहरा बघून तिघेही निघाले. आंबोलीला पोचून बाबालालने दहा मिनिटे दरीकडे बघितले आणि सायकल वळवली. परतीचा सगळा रस्ता डांबरी होता. मास्तरांनीही तो चालवून घेतला.

पुढची चार वर्षे दुपारच्या वेळी बाबालाल माझ्याशी बोलला नाही. गिऱ्हाईक नसले की रस्त्याकडे बघत बसायचा. माझ्या पाण्यावर धूळ बसायची, संध्याकाळी तो ते फेकून द्यायचा, सकाळी नवे भरायचा. काम चालू होते. अबोल्याचे तसेच असते, काम त्यात अडत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात मास्तरांनी पुन्हा नकाशा पसरला आणि पुन्हा विचारले, "आजऱ्याकडं काटा कसा हाय आता?"

"लई हाय," बाबालाल म्हणाला. "तवा बी हुता. मी खोटं बोललो."

"का रं?" मास्तरांनी विचारले.

"माझी अक्का हाय तिथं. पाणी दिल्यालं घर."

बाळासो बाकड्यावर सरळ होऊन बसला. "ती तुझी अक्का? अरं, मग सांगायचं न्हाय व्हय. बाईनं माझ्यादेखत तांदूळ मापला हुता. मी मनात म्हणलं, घरात खाणारं लई दिसत्यात."

"किती मापला?"

"मी भुसारी हाय बाबालाल. माप चुकत न्हाय माझं. चौघांचा हुता."

बाबालालच्या हातात हवा भरलेली ट्यूब होती. ती त्याने माझ्यात बुडवली. बुडबुडे भराभर येत होते, सगळ्यांना दिसत होते, पण तो नुसता धरून बसला. शेवटी कृष्णातनेच ट्यूब त्याच्या हातातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाबालालने धुतलेला सदरा घातला, माझे पाणी ओतून मला टपरीत पालथे घातले आणि शेजारच्या पानवाल्याला सांगितले, "आजऱ्याला जाऊन येतो. सांजच्याला हाय मी." सायकल घेतली नाही. नकाशा नाही. मलाही नेले नाही. पहिल्यांदाच तो काही कारण बरोबर न घेता निघाला होता.

संध्याकाळ झाली. टपरी उघडली नाही. शुक्रवारी एक गिऱ्हाईक फळीवर टकटक करून गेले. पालथ्या घमेल्याच्या आत फार अंधार असतो आणि बाहेरचा प्रत्येक आवाज मोठा ऐकू येतो. एसटी थांबली की मला वाटायचे, आला. इतका एकटा मी इमारतीमागच्या त्या अंगणातही नव्हतो.

शनिवारी दुपारी फळी उघडली. बाबालालने मला सरळ केले, पाणी भरले, आणि पहिली ट्यूब बुडवली. तिथे काय झाले, त्याने मला सांगितले नाही. घमेल्याला विचारता येत नाही. पण हिशेब मला जमतो. वाटेत लागले म्हणून गेलेला माणूस दोन रात्री राहत नाही.

आता टपरी नाही. लोक मोपेडवरून फिरतात. मी एका परड्यात पडून असतो, कोंबड्या माझ्यातले पाणी पितात आणि वर बघतात. तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. मित्रांनो, उन्हाळ्यात माळावरून, पाणंदीतून खुशाल भटका, हवी ती वाट निवडा. पण कुणाकडे जायचे असेल, तर सरळ रस्त्याने जा आणि दारात "तुझ्याकडंच आलोय" म्हणा. त्या दिवशी आम्हाला घरीच ठेवा. आम्ही पालथे पडून राहू, काही वाटून घेणार नाही.