शिवणीत गेलेलं हसू

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, पण जन्मलो तो चित्र म्हणून. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, एका मासेमारीच्या गावात थेल्मा झिंक या चित्रकर्तीने आपल्या लेकीला, कोरिनला, खिडकीत बसवून मला रंगवलं. कोरिन काही केल्या गप्प बसेना, सारखी हसे. ते हसू जसंच्या तसं माझ्यावर उतरलं.

पुढे मोठी होऊन लॉबस्टर, म्हणजे शेवंडं, पकडणाऱ्या बोटीवर गेलेली कोरिन समुद्रातून परत आली नाही. तिचं दुसरं चित्र नव्हतं. थेल्मा तासन्‌तास माझ्यापुढे बसून राही. एक दिवस तिने कात्री काढली.

"भिंतीवर एकटी किती दिवस राहील ती? या चित्राचा कोट शिवते. लहानपणी घ्यायचे तशी पाठीवर घेऊन हिंडेन," ती म्हणाली.

शेजारची मायर्ना गोधड्या शिवायची. तिने विचारलं, "शिवणीला बोटभर कापड सोडलंस का गं?"

"चित्र म्हणजे काय गोधडी आहे? तू तुझी ठिगळं सांभाळ."

आयुष्यभर थेल्मा कापडाच्या कडेपर्यंत रंगवत आली होती. शिवण कापड खाते, हे तिच्या गावीही नव्हतं. कोटाच्या पाठीचे दोन भाग तिने चेहऱ्याच्या मधोमध कापले आणि जोडले. दोन्हीकडचं बोटभर कापड आत गेलं. डोळे जवळ आले, नाक गेलं, हसू मिटलं. कोरिन चिडलेली दिसू लागली.

थेल्माने घाईघाईने खालचे, हनुवटीवरचे, चार टाके उसवले. तिथला रंग पापुद्रे सुटून गळला. तिने कात्री बाजूला टाकली.

"माझ्या हाताने घालवली गं मी तिला!"

मायर्नाने ते टाके पुन्हा घातले आणि आतून अस्तर लावून दिलं.

नऊ हिवाळे थेल्माने मला वापरलं. चर्चच्या जेवणाला कुणीतरी हमखास थट्टा करी, "थेल्मा, पोरगी कुणावर रुसलीये गं?"

"माझ्यावर," ती म्हणे आणि ताट घेऊन कोपऱ्यात बसे.

आता थेल्मा नाही. मी जुन्या कपड्यांच्या दुकानात लटकतो आहे. काल एका बाईने मला घालून पाहिलं. "रंग झकास आहेत, पण चेहरा बिघडवलाय. शिवण उसवून नीट करून घेईन," म्हणाली. उद्या ती मला न्यायला येणार आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. हवं तर फेकून द्या. पण ती शिवण तेवढी उसवू नका. कोरिनचं हसू तिथे दुमडलेलं आहे. नऊ वर्षं ते आईच्या पाठीला टेकून होतं. उजेडात आलं की गळून पडेल.