दसऱ्याला गुंडाळलेली मॅट

मी काळी रबराची मॅट बोलतेय. रबाळ्याच्या एका कंपनीत रंगाचे नमुने तपासायची लॅब हाय, तिथं मोठ्या ओव्हनच्या पुढ्यात पडलेली असते. लिहिता-वाचता येत नाय, पन पायावरनं मानूस वळखते.

बारा वर्सं झाली. माजा एक कोपरा वाकडा झालाय. त्यात बूट अडकला की सायब लोक काय नाचतात! दुसरी करमनूक काय हाय मला?

ओव्हनला हात लावला की झिनझिन्या यायच्या. हेल्पर धर्मा हसायचा, "आपली मशीन जागृत हाय!"

नव्या रुतिका मॅडम म्हनाल्या, "धर्माकाका, करंट लीक होतोय. कंप्लेंट टाकलीय. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मेन बंदच ठेवा."

"दहा वर्सं मी हात लावतोय मॅडम. कोन मेला?"

चपला घालून माज्यावर उभा असायचा, म्हनून नाय मेला. पन मला इचारतंय कोन?

गेल्या साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशिनींची पूजा. धर्मानं पयलं मला गुंडाळलं. "चपलांची घान देवाम्होरं नको." भिंतीला टेकवलं. फरशी धुतली, पाय धुतले, चप्पल भायेर. आनि मेन चालू केला! म्हने, बंद मशीन पुजायची म्हंजे झोपलेल्या देवाला निवद.

नारळ फोडला. पान्यानं हात ओले. त्याच बोटावर कुंकू घेऊन निघाला ओव्हनकडं.

गुंडाळलेलं रबर गप बसतंय व्हय? मी सुटले, फटकन त्याच्या नडगीवर. धर्मा आडवा.

"आयला, कोनी पाडलं?"

आवाज ऐकून मॅडम धावत आल्या. "काका, हात नका लावू!" खिशातला टेस्टर ओव्हनला टेकवला. लालभडक पेटला. त्यांनी पळत जाऊन मेन बंद केला.

धर्मा फरशीवर बसूनच आपल्या ओल्या पायांकडं बघत रायला. मंग हळूच म्हनाला, "मी तर पाय घासून घासून धुतलेवते."

ओव्हनची अर्थिंगची वायर तुटलेली निघाली. नवी बसवली. औंदा धर्मानं मेन बंद करून, चपला घालून, माज्यावर उभं राहून पूजा केली. पयलं कुंकू मला.

मॅडमनी मातर माजा कोपरा चिकटवून टाकला. करमनूक गेली.

जाऊ द्या. मशीनला हात लावायच्या आदी माज्यावर या, चपलांसकट. घान झालेली चालंल मला.