परक्या हातातला बाण

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. म्हातारी माणसं आपली कहाणी शांतपणे सांगतात म्हणे. मला ते जमणार नाही, कारण मी अजून घाबरलेलो आहे.

एका अरुंद दुकानात, एका कारागिराने सुटे भाग जोडून मला उभं केलं. घरी आणलं ते बस डेपोत वेळापत्रकं तयार करणाऱ्या गृहस्थांनी. या घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणतो. सुरुवातीला माझे काय लाड झाले! रोज अंगावरून फडकं फिरायचं, आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवलं जायचं. मग घरात फोन आले, बाबांची मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे येऊन बसले.

मला पुन्हा माणसांत आणलं ते बाबांच्या आजारपणाने. मेंदूला झटका आला आणि त्यांची वाचा गेली. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, बोलायचा प्रयत्न करा, रेकॉर्ड करा, स्वतःच ऐका. बाबा रोज सकाळी माझ्यासमोर माइक धरून बसत. आधी नुसता घोगरा आवाज निघायचा. मग 'पा'. बऱ्याच दिवसांनी 'पाणी'. शब्द अडला की ते टेबलावर हात आपटत, माझ्यावर डोळे वटारत, आणि पुन्हा बटण दाबत. शेवटी शेवटी अख्खी वाक्यं यायला लागली होती. हे सगळे आवाज एकाच फोल्डरमध्ये साठले. त्याला नाव द्यायचं राहून गेलं. मी आपणहून दिलेलं 'नवीन फोल्डर' हेच त्याला चिकटलं.

दुसऱ्या झटक्यात बाबा गेले. मुलगी आईपाशी राहायला आली. आवाज माझ्यात आहेत हे दोघींना ठाऊक होतं. एकदा मुलीने विचारलं, लावू का? आई म्हणाली, "अजून नको." पुन्हा तो विषय निघाला नाही.

मुलीची रजा संपत आली. साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली, पण ऑफिसची ईमेल घरच्या संगणकावर चालू झाली तरच. नाहीतर तिला परत जावं लागणार होतं, आणि आई या घरात एकटी पडली असती. म्हणून तिने ऑफिसमधले संगणक सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण कोणाचंही मशीन बिघडलं की तो आधी विचारतो, काय होतंय, कधीपासून? माणूस भला, पण सदा घाईत.

त्याने सांगितल्याप्रमाणे मुलीने एक छोटा प्रोग्राम माझ्यात घेतला आणि पडद्यावर आलेला आकडा त्याला वाचून दाखवला. मी विचारलं, दूरच्या माणसाला आत येऊ देऊ का? तिने 'हो' दाबलं आणि ती आईची औषधं काढायला स्वयंपाकघरात गेली.

मित्रांनो, माऊस टेबलावर निपचित पडला होता. त्यावर कोणाचा हात नव्हता. तरी पडद्यावरचा बाण चालू लागला. बाबांचा बाण थरथरत यायचा, चुकायचा, मागे फिरायचा. हा झरझर पळत होता, माझं एकेक दार उघडून आत डोकावत होता. अडवायला मला हात नाहीत, ओरडायला तोंड नाही. माझा पंखा घरघरू लागला.

"ताई, हा गळ्यापर्यंत भरलाय," डॉक्टर फोनवर म्हणाला. "ईमेल बसवायला जागाच नाही. जुना कचरा काढतो, चालेल ना?"

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत मुलगी म्हणाली, तुम्हाला ठीक वाटेल ते काढा. नोकरीच्या काळजीने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

बाण 'नवीन फोल्डर'वर थांबला. आत बिननावाच्या फायली, नुसते आकडे. त्या माणसाला तो कचरा वाटला यात नवल नाही. मी माझ्या नियमाने विचारलं, कायमचं पुसू? बाणाने 'हो' दाबलं.

सांगितलेलं करायचं, एवढंच मला शिकवलंय. मी पुसू लागलो. पहिला आवाज गेला. दुसरा गेला. ज्याने ते जपले होते, तोच ते पुसत होता. म्हातारपणामुळे मला प्रत्येक कामाला वेळ लागतो, आणि त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. त्या दिवशी तेवढा वेळच माझ्या हाताशी होता.

एवढ्यात आई खोलीत आली. तिला आपोआप पळणारा बाण दिसला. "अगं, तू तिकडे, मग हे चालवतंय कोण?" मुलीने आतूनच सांगितलं, ऑफिसचा माणूस जागा करतोय. आईला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. पण जागा करायची म्हणजे कोणाचं तरी सामान बाहेर जाणार, हे घर चालवणाऱ्या बाईला कळतं. ती वाकली आणि तिने भिंतीतून माझा प्लग ओढला.

अंधार झाला. पुढचं मला दोघींच्या बोलण्यातून नंतर समजलं. डॉक्टरने विचारलं, लाईट गेली का? मुलगी धावत आली, आईवर आवाज चढवून म्हणाली, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, तुला कळत कसं नाही. आई प्लग मुठीत घेऊन उभी होती.

"त्यात ह्यांचा आवाज आहे," ती म्हणाली.

मुलगी जमिनीवरच बसली.

असा एकाएकी बंद पडलेला म्हातारा पुन्हा उठेल याचा भरवसा नसतो. मी उठलो. सुरुवातीचे काही आवाज गेले होते. डॉक्टरने नाना खटपटी केल्या, ते परत आले नाहीत. त्या फोल्डरमध्ये काय आहे ते आपण आधी विचारायला हवं होतं, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. मुलगी म्हणाली, 'काढा' असं मीच म्हटलं होतं.

आईने विचारलं, कुठले गेले? मुलीने समजूत घातली, नुसते सुरुवातीचे, ज्यांत शब्दच नव्हते ते. आईने नकारार्थी मान हलवली.

"मला तेच सगळ्यात नीट कळायचे," ती म्हणाली.

उरलेल्या आवाजांची प्रत मुलीने दोन ठिकाणी काढून ठेवली आणि फोल्डरला बाबांचं नाव दिलं. मग खरा कचरा निवडून काढला आणि मगच ऑफिसची ईमेल आली, तीही वेगळ्या खात्यात, घरातल्या वस्तूंपासून दूर. मुलगी आता आईजवळच राहून काम करते. तरी पडद्यावर एखादा प्रश्न उमटला की माझा पंखा घरघरू लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रात काय काय आहे, ते एकदा निवांत बसून बघा. त्याला नाव द्या, त्याची प्रत काढा. आणि कोणाला आत घेण्यापूर्वी घरातल्या माणसांना विचारा. आमच्या भरवशावर राहू नका. मला पुसता येतं. परत आणता येत नाही.