तिवईची सवत

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी तिवई आहे. भोकरदनला डॉक्टर प्रीतींच्या दवाखान्यात पेशंट बसतात ती मीच. केदारखेड्याच्या कडूबा सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. वीस वर्षे बायका माझ्यावर बसून मनातले बोलल्या. केवढा मान होता माझा!

मग पडद्यामागे सोनोग्राफीचे मशीन आले. माझी सवतच ती! तिला मऊ झाकण, तिच्यासाठी गार हवा. माझा सैल झालेला पाय मात्र कुणाला दिसेना. आलेली बाई आधी पडद्याकडे बघे. खोटे कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होई.

परवा रूपाली आली. तिचा दोन महिन्यांचा गर्भ पंधरा दिवसांपूर्वी पडला होता. ती दाराशी उभी राहिली आणि माझ्यावर बसली तिची सासू, झुंबरबाई.

“डॉक्टरीणबाई, मशीन लावा, रक्ताच्या साऱ्या टेस्ट करा,” सासू म्हणाली. “पोरीत काय खोट हाय, बराबर कळू द्या.”

रूपालीने मान खाली घातली. आजही सवतीचीच वर्णी लागणार म्हणून मी चरफडले.

“मावशी, उठा. आधी तिला बसू द्या,” डॉक्टर म्हणाल्या.

रूपाली बसली. रक्त थांबले का, ताप येतो का, पोट दुखते का, असे डॉक्टरांनी सावकाश विचारले. त्रास काहीच उरला नव्हता.

“मग आज मशीनचं काम नाही. आठवड्याने घरीच गर्भ तपासायची लघवीची पट्टी बघ. दोन रेघा दिसल्या, पुन्हा रक्त गेलं किंवा ताप आला तर लगेच ये. एकदा गर्भ पडला म्हणून साऱ्या टेस्ट लागत नाहीत.”

जिरली सवतीची! मी मनात नाचले. पण रूपाली उठेना.

“म्या हंडा उचलल्ता,” ती पुटपुटली. “त्यानंच पडलं का?”

“नाही गं. बहुतेक वेळा गर्भाची वाढच मुळात नीट झालेली नसते. तुझी काही चूक नाही.”

रूपाली हमसून रडू लागली. मागून झुंबरबाईचा बारीक आवाज आला.

“तीस वर्षांमागं माझेबी दोन गेल्ते. सासू म्हणायची, तूच खाल्ली लेकरं. मंग... माझीबी चूक नव्हती?”

“नव्हती, मावशी.”

डॉक्टरांनी स्वतःची गादीची खुर्ची झुंबरबाईकडे सरकवली.

मित्रांनो, घरात असे दुःख आले तर खोट शोधू नका. त्या बाईला जवळ बसवा, तिचे ऐका. त्याला मोडकी तिवईही पुरते. एवढे शहाणपण सांगते खरी, पण तीस वर्षांचे रडू झुंबरबाई त्या खुर्चीत बसून रडली, आणि मला त्या खुर्चीचाही हेवा वाटला.