घासलेली नळी

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बव्हेरियातल्या त्या गावच्या नेमबाज मंडळात वर्षाचा राजा ठरायचा. नियम एकच आणि निर्दय. सराव नाही, दुसरी संधी नाही. प्रत्येकाला हवेच्या दाबावर चालणाऱ्या छर्‍याच्या बंदुकीचा एकच बार. ज्याचा छर्रा मध्याच्या सगळ्यात जवळ, त्याच्या गळ्यात चांदीची साखळी. वाल्बुर्गा तीस वर्षं हा एक बार मारत आली होती आणि साखळी काही गळ्यात पडली नव्हती. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या हिवाळ्यापर्यंत उजवा डोळा कामातून जाईल. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

हात मात्र असा बसला होता की लोक म्हणायचे, "साखळी यंदा वाल्बुर्गाची, फार तर ग्रेगोरची. बाकीच्यांनी नुसतं बिअर ढोसायला यावं."

सणाच्या दोन दिवस आधी मंडळातला जुना नेमबाज कोर्बिनियान तिला म्हणाला, "बंदूक ठेवून जा गं. हवा निसटतेय कुठूनतरी, वायसर बघतो." तिनं ठेवली. बंदूक धरायला तिला त्यानंच शिकवलं होतं. नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला तोही त्यानंच. त्याच्यावर संशय घ्यायचा तर मग जगात भरवसा ठेवायचा कुणावर?

सणाच्या दिवशीच बंदूक परत हातात आली. तिनं श्वास रोखला, घोडा ओढला. हात तसूभर हलला नाही. आणि छर्रा गेला वर, डावीकडे, चांगला नखभर. ग्रेगोरचाही थोडा हुकला. कोर्बिनियानचा बसला जवळजवळ मधोमध. बँड वाजायला लागला.

वाल्बुर्गा मागच्या खोलीत गेली. नमद्याचा पांढरा बोळा तिनं नळीतून ढकलला. शिशानं काळाकुट्ट होऊन यायला हवा होता. तेलानं ओला, पांढराच्या पांढरा आला. महिनोन्‌महिने नळीत बसलेला शिशाचा थर कुणीतरी खरवडून काढला होता. अशी नळी तीस-चाळीस छर्रे खाल्ल्याशिवाय ताळ्यावर येत नाही.

कोर्बिनियान कोट घ्यायला आत आला. गळ्यात साखळी.

"वायसर बदललास?"

"हो तर. का गं?"

तिनं बोळा त्याच्यापुढे धरला.

"अगं, जरा साफ करून दिली. सवयच आहे ना हाताला."

"स्पर्धेआधी नळी घासलीस तर बोटं मोडीन, असं मला कोण म्हणालं होतं? केसानं गळा कापलास माझा."

तो बाकावर बसला. "एकोणसत्तरचा झालो मी, वाल्बुर्गा. वाटलं, एकदा तरी."

"मग ग्रेगोरची का नाही घासलीस? तो तर तुला उभाही करत नाही दारात!"

"तो कुणाच्याच हाती देत नाही बंदूक," कोर्बिनियान खाली बघत म्हणाला. "तू देतेस."