कार्पेटखालचा जोड

आधीच सांगते, मी हातपाय गाळणारी बाई नाही. सव्वीस वर्षं शहराची बस चालवतेय. बस सुटल्यावर लोक दारावर थापा मारतात, दुचाकीवाले नाकासमोरून आडवे घुसतात, आणि मी शांतपणे ब्रेक दाबते. तोंड चालू असतं, ते वेगळं, पण हात शांत असतात. त्या गुरुवारी मात्र सकाळी अकरा वाजता, आमच्या घरामागच्या फरशीवर, माझ्या हातातून टॉर्च पडला.

गाडीबद्दल सांगते, म्हणजे कळेल. लाल, तीन दारांची, वीस वर्षांची. दिसायला छोटी, पण पोटात दोन लिटरचं इंजिन. अशा गाडीला लोक हॉट हॅचबॅक म्हणतात, मी ठेंगणी म्हणते, आणि नवरा 'माझी सवत' म्हणतो. म्हणेना का. दिवसभर बारा टनांची बस ताशी तीसने ढकलल्यावर माणसाला असं काहीतरी लागतं, जे पाय ठेवताच पळतं. अकरा वर्षं झाली मी ती पाळतेय. बस ड्रायव्हरच्या पगारात अशी गाडी ठेवायची तर मेकॅनिककडे पळून चालत नाही. ऑइल मी बदलते, ब्रेक पॅड मी बदलते. डाव्या बाजूचा आरसा भंगारातल्या निळ्या गाडीचा आहे, मी घरी लाल रंगवला आणि एक ओघळ तसाच राहिला. टायर तेवढे कोरे करकरीत घेते, त्यात काटकसर नाही. रोज साठ माणसं घेऊन फिरते मी, टायर म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

ही गाडी शनिवारी लेकीची होणार होती. तिला पहिली नोकरी लागली होती, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, सव्वातीनशे किलोमीटर लांब. अकरा वर्षांची असताना तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की मला नोकरी लागली की ठेंगणी माझी. मी हो म्हटलं होतं. पोरगी शब्द विसरत नाही, आईवर गेलीय. शनिवारी पहाटे सामान भरून ती एकटी हायवेने जाणार होती, आणि त्याच्या आत मला एकच काम उरलं होतं: मागच्या सीटच्या पायाशी ओल येत होती, ती शोधायची.

ओल म्हणजे साधी नाही. गाडीत कुबट वास, सकाळी काचा आतून धुरकट. मी आधी मागच्या दाराचं रबर बदललं, तरी ओल तशीच. म्हटलं, आता वरवरचं पुरे, सगळं उचकटून बघू. गुरुवारी माझी सुट्टी असते. पुढच्या सीटचे चार-चार बोल्ट काढले, सीट फरशीवर मांडल्या, मागची सीटही बाहेर काढली. मग कार्पेट उचललं. त्याखालचा फोम पिळला तर बादलीभर पाणी निघालं असतं. फोमखाली आवाज दाबायला डांबराच्या जाड पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यातली एक सुटली होती, तिला नख लावून ओढलं.

खाली एक रेघ होती.

या दारापासून त्या दारापर्यंत, पुढच्या सीटच्या मागून, आडवी, सरळ. बोटभर लांबीचे वेल्डिंगचे टाके, एकाला एक लागून. पुढचा पत्रा आतून पांढरा, मागचा लाल. मधून कुठे कुठे गंज खाऊन सुईएवढी भोकं पडली होती, पाणी तिथून वर येत होतं. मी दाराखालचं प्लास्टिक काढलं, तर रेघ तिथून वर चढत होती. पुढच्या काचेच्या खांबावरचं प्लास्टिक काढलं, तिथेही तीच. ही एक गाडी नव्हतीच. एका गाडीचं नाक आणि दुसरीची पाठ, मधून कापून चिकटवलेली. बसच्या डेपोत मी असल्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि 'कोण मूर्ख घेतो असली गाडी' असं मीच म्हटलेलं होतं.

दरवर्षी तपासणीला नेते तेव्हा साहेब खालून बघून म्हणतात, ‘बाई, गाडी छान जपलीय.’ खाली जाड काळा लेप आहे ना, गंज लागू नये म्हणून. आणि मी तिथे फुशारक्या मारत उभी असायची.

ज्याने कुणी हे केलं त्याला शोधून काढायचं, असं मनात म्हणत मी टॉर्च घेऊन पालथी झाले. टाके अगदी जवळून बघितले. आणि टॉर्च हातातून पडला तो तेव्हा.

माझे बाबा वेल्डर. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन गल्ल्या सोडून राहतात. आमच्या घराचं गेट त्यांनी केलंय. माळ्याची शिडी, स्वयंपाकघरातलं उंच स्टूल, लेकीचा पाळणा, सगळं त्यांनी केलंय. घरात काही डुगडुगलं की आम्ही म्हणायचो, ‘हे बाबांच्या हातचं नसणार.’ आणि बाबांची एक सवय आहे. टाका संपला की ते वेल्डिंगची कांडी तशीच उचलत नाहीत, अर्धं बोट मागे येऊन एक टिपका ठेवतात. म्हणतात, शेवट कच्चा राहिला की तिथूनच तडा जातो. लहानपणी त्यांनी केलेल्या लोखंडी खाटेवर पडल्या पडल्या मी त्या टिपक्यांवरून बोट फिरवायची. झोप यायची मला त्याने, आणि पुढे लेकीलाही पाळण्यात.

गाडीतल्या प्रत्येक टाक्याच्या शेवटी, अर्धं बोट मागे, एक टिपका होता.

मी फोन केला. ‘बाबा, या,’ एवढंच बोलले. ते आले टोपी घालून, चालत, वाटेत कुणाशी तरी गप्पा मारून आल्यासारखे खुशीत. फरशीवरच्या सीट बघून म्हणाले, ‘काय गं, हे दुकान मांडलंस का?’

मी बोट दाखवलं. ते दाराला धरून हळूच गुडघ्यांवर बसले. चष्मा पुसला. मग एका टाक्यावरून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं, टिपक्यावर थांबले, आणि बोट तिथेच राहिलं.

‘कुणाचं काम आहे सांगा,’ मी म्हणाले. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी खोटं बोलावं. नाही ओळखत, म्हणावं. मी मान्य केलं असतं.

‘माझं,’ बाबा म्हणाले.

बाबांचा कारखाना बंद पडल्यावर शेवटची चार वर्षं ते एका गॅरेजात होते, हे मला माहीत होतं. ते गॅरेज कधीच उठलं, आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. तिथे काय काम चालायचं ते मी कधी विचारलं नव्हतं. बाबा जमिनीकडे बघत सांगत होते. मालक ठोकलेल्या गाड्या आणायचा, एक पुढून चेपलेली, एक मागून. एकीचं नाक शाबूत, दुसरीची पाठ शाबूत. बाबा कापायचे आणि जोडायचे. पुढे रंगवाला रंग मारायचा.

‘अशा किती केल्यात?’

‘बावीस.’

‘त्या रस्त्यावर जाणार हे माहीत होतं?’

‘शोभेला कोण ठेवतं?’ ते म्हणाले. ‘माहीत होतं.’

‘ही ठोकली तर काय होईल?’

बाबांनी चष्मा काढून परत पुसला.

‘बाबा, मी विचारतेय.’

‘हळू असेल तर काही नाही.’

‘ठेंगणी हळू जाते का कधी?’

‘दोन होतील,’ ते म्हणाले. ‘जोडावर.’

मी त्या रेघेकडे बघितलं. तिच्या पुढे माझी सीट. तिच्या मागे लेकीची. अकरा वर्षं मी तिला शाळेत सोडलं, ताप आल्यावर दवाखान्यात पळवलं, मूड आला की घाटात नेलं. वळणावर ती मागून ओरडायची, ‘आई, अजून जोरात.’ आणि मी जायची जोरात. आमच्या दोघींच्या मधून हे गेलेलं होतं. 

मग माझं डोकं फिरलं. ‘घेताना तुम्हाला नेलं होतं मी,’ मी म्हणाले. ‘कुठे पुटी भरून बुजवलंय ते कळायला खिशात चुंबक घेऊन आला होतात. सगळ्या गाडीवरून फिरवलंत, पत्र्याला टिचक्या मारल्यात. दारं दहादा उघडलीत. “बॉडी पक्की आहे, घे,” कोण म्हणालं होतं? कार्पेट का नाही उचललंत?’

‘धरलं होतं,’ बाबा म्हणाले. ‘कोपरा धरला होता मी.’

‘मग?’

‘तू त्या माणसाशी बोलत होतीस. हसत होतीस. मी म्हटलं, उचललं आणि निघालं, तर हिला सांगावं लागेल की हे मी करायचो.’ त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘बावीसच तर केल्या. शहरात हजारो गाड्या. हीच कशाला असेल, म्हटलं. कोपरा सोडून दिला.’

त्यानंतर मी जे बोलले ते बसमधल्या कुणाला बोलले असते तर नोकरी गेली असती. बाबांनी एकही शब्द उलट काढला नाही. शेवटी मलाच दम लागला. मी फरशीवरच्या ड्रायव्हर सीटवर जाऊन बसले, पाय पसरून, आणि तेही गुडघ्यांवर तसेच.

मग ते म्हणाले, ‘मी जोड पुन्हा करतो. गंजलेला पत्रा कापून, आतून जाड पट्ट्या टाकून. मशीन आहे अजून माझ्याकडे. उद्या संध्याकाळपर्यंत होईल.’

खरं सांगते, मला ते पटलं. क्षणभर नाही, चांगली पाच मिनिटं. मी हिशेब मांडू लागले, की अकरा वर्षं काही झालं नाही. बाबांचा टाका आहे, शिडी तीस वर्षं तुटली नाही. आतून पट्ट्या टाकल्या की आणखी घट्ट. कार्पेट घातलं की झालं, पोरगी हसत जाईल, तिला कळायचंही कारण नाही. मी उठून कार्पेटची घडीसुद्धा उलगडली. कोपरा हातात होता माझ्या, तेव्हा मला कळलं मी काय धरलंय. मी तो टाकून दिला.

तेवढ्यात लेक घराच्या मागच्या दारातून बाहेर आली. हातात दोन खोकी, एकावर हनुवटी टेकवून धरलेली. ‘झालं का कोरडं? मला आजच खोकी बसवून बघायचीत, मागची सीट पाडून किती मावतात ते.’ मग बाबांना बघून तिचं तोंड आणखी खुललं. ‘अरे वा, आजोबा आलेत. म्हणजे काळजीच नको. आजोबांनी हात लावला की गाडी आणखी वीस वर्षं पळणार.’

मी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं जे तोंड बंद झालं नाही, ते त्या वेळी उघडून तसंच राहिलं.

बाबा गाडीला धरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. लेकीने खोकी खाली ठेवून हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही.

‘तू ही गाडी न्यायची नाहीस,’ ते म्हणाले.

‘का? काय झालं? इंजिन गेलं का?’ ती माझ्याकडे बघू लागली. ‘आई, कबूल केलं होतंस तू.’

‘इंजिन चांगलं आहे. आईने जीव लावून ठेवलंय,’ बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे हात केला, आणि मी खिशातली किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली.

‘मग का नको, आजोबा?’

‘बाळा, ही माझ्या हातची आहे,’ ते म्हणाले. ‘म्हणून नको.’

लेक हसली. आमच्या घरात हे वाक्य नेहमी उलट्या बाजूने म्हणतात, तिला वाटलं आजोबा थट्टा करतायत. मग तिने त्यांचा चेहरा बघितला, माझा बघितला, आणि खाली बसून गाडीच्या आत डोकावली. रेघ तिला लगेच दिसली. तिने एका टाक्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू शेवटाकडे नेऊ लागली, आणि आम्ही दोघं तिच्या मागे उभे राहून ते बोट टिपक्यापर्यंत पोचायची वाट बघत होतो.