जर्मनीवाले पाहायला आले

जर्मनीतल्या एका दवाखान्याची मॅडम मंगळवारी दुपारी दोन वाजता मोबाइलवर निकिताची मुलाखत घेणार होती. पण कामरगावात मुलीला प्रश्न विचारायला पाव्हणे येतात ते एकाच कामासाठी. तेव्हा तिच्या आईनं, तुळसाबाईंनी, पोहे केले, सतरंजी झाडली, आणि वडील जगदेवरावांनी इस्त्रीचा सदरा घालून शेजारच्या मेहबूब टेलरला आपल्या बाजूचा माणूस म्हणून बोलावून घेतलं.

निकिता नर्सिंग शिकलेली, वर्षभर जर्मन घोकलेली. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, तुमी नाही म्हटलं तर मी जात नाही." आणि बाबांचं नाही ठरलेलं होतं. पेरा आपला, बावीस वर्षं राखण आपली, आणि शेंगा भरल्यावर जर्मनीनं विळा घेऊन यायचं, हा कुठला न्याय?

मॅडमचे प्रश्न संपले. वडिलांना काही विचारायचंय का, असं तिनं हसून विचारलं. तिथंच तिचं चुकलं.

"हाये ना!" जगदेवराव इतके पुढे सरकले, की पलीकडे नुसतं नाकच दिसलं असावं. "इचार तिले, तुमच्या इकडं पोरीबाळी नाहीत काय? आमचीच काहून पाह्यजे?"

निकितानं ते जर्मनमध्ये विचारलं. मॅडम सरळ बाई निघाली. आमच्याकडे म्हातारे फार, तरुण कमी, असं तिनं सांगितलं. ही पोरं शिकूनसवरून येतात, दवाखाने चालवतात, पगारातून कर भरतात, पेन्शनला हातभार लावतात. त्यावर आमच्या म्हाताऱ्यांचं भागतं.

"म्हंजे माह्या पोरीच्या जिवावर तिथले म्हातारे बसून खातीन?"

"थोडंफार तसंच, म्हणते," निकिता म्हणाली.

"अन् तू नाही गेली तं?"

"माणसं नाहीत म्हणून एक वॉर्ड बंदच हाये म्हणे."

मेहबूब कानाशी लागला, "भाऊ, पाव्हणे गरजू हायेत. ताणून धरा."

पण जगदेवराव विरघळले होते. पोरगी परमुलखात लोकांच्या हाताखाली राबायला चालली, असं ते समजत होते. ती तर त्या घरची कर्ती निघाली. एवढा मोटारी बनवणारा देश, आणि कामरगावच्या पोरीवाचून अडून बसलेला! त्यांना जर्मनीची दयाच आली.

"जाय बाई," ते म्हणाले. "म्हातारी माणसं हायेत, त्यायचे हाल नको. पण मॅडमले सांग, जे तुह्या कमाईवर खातीन त्यायनं तुह्याशी नीट बोलाचं. अन् उठसूट चहा मागाचा नाही."

निकितानं डोळे पुसत तेही सांगितलं. मॅडमनं अगदी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं, आणि निकिताची नोकरी पक्की केली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर जीपवाल्या मोहनसिंगनं हटकलं, "जगदेवभाऊ, पोरीले जर्मनीत नोकरी भेटली म्हणे?"

"पोरीले कायची?" जगदेवराव खिडकीची जागा धरत म्हणाले. "जर्मनीले नर्स भेटली."